टायमिंग बेल्ट सारखा सरकतोय? आधी दात मोजा

माझ्या आतेभावाच्या गाडीचा टायमिंग बेल्ट दोन महिन्यांत दोनदा बदलून झाला. गाडी साधी, बारा वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक. नवा बेल्ट टाकला की पंधरा-वीस दिवस झकास पळायची आणि मग एखाद्या चढावर दम टाकायची. उभ्या गाडीत थरथर, सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागायचा, आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की दर वेळी एकच कोड यायचा, पी ००१६. म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. मिस्त्रींचं निदानही दर वेळी एकच: "बेल्टनं दात सोडला. माल डुप्लिकेट लागला असणार, आता ओरिजिनल टाकू." तिसऱ्या बेल्टची भाषा निघाली तेव्हा भावाने मला फोन केला.

मी धंद्याने मेकॅनिक नाही, पण इंजिनं उघडण्यात बरेच रविवार घालवलेत. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. बेल्ट एकदा सरकला तर बेल्टवर संशय घ्यावा. दुसऱ्यांदा सरकला तर बेल्ट सोडून बाकी सगळ्यांवर घ्यावा. आणि दोन्हीच्या आधी तो खरंच सरकलाय का, हे बघावं.

हे कसं बघायचं ते कळायला बेल्ट नेमकं काय करतो ते आधी पाहू.

इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वरखाली होतात ते याच्या जिवावर, किंवा हा फिरतो तो त्यांच्या जिवावर. वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडतो. हवा आत घेणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर टाकणं हे एक पूर्ण चक्र. त्यात क्रँकचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक व्हॉल्व्हला एकदाच उघडायचं असतं. म्हणून कॅम बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. खालच्या पुलीला २० दात असतील तर वरच्या पुलीला ४०. या दोघांना बांधून ठेवणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. आतून काचतंतूंच्या दोऱ्या, वर रबर, दातांवर नायलॉनचं कापड. मोटारीत हा प्रकार तसा अलीकडचा. जर्मनीत, बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंग गावच्या ग्लास कंपनीने १९६२ साली ग्लास १००४ या छोट्या गाडीत तो बसवला, तेव्हा तो पहिल्यांदा कारखान्यातून सर्रास निघणाऱ्या मोटारीत आला. त्याआधी सगळा कारभार साखळी नाहीतर गिअरचा.

गाडी ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी, चालली असेल तर क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडमीट करतो. त्यात एक दात चुकला तर काय मोठंसं, असं वाटेल. वरची पुली ४० दातांची धरली तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, आणि कॅमचे ९ म्हणजे क्रँकचे १८. इतक्या फरकाने गाडी बंद पडेलच असं नाही, पण मरगळते. कॅम मागे पडला तर खालच्या वेगात ओढ जाते, कारण आत घेतलेली हवा व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यामुळे परत बाहेर ढकलली जाते. कॅम पुढे गेला तर खाली ठीक वाटते आणि वरच्या आरपीएमला घुसमटते. दोन-तीन दात गेले तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. ज्यांच्यात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात त्यांच्या बाबतीत ही भीती खरी असते. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि मग बेल्टची किंमत चिल्लर वाटायला लागते. म्हणून टायमिंग हललंय असा संशय असताना "जरा एक राउंड मारून बघू" हे करू नये.

मार्क जुळत नाहीत, म्हणजे सरकलाच असं नाही

इथे लोक हमखास फसतात. बेल्ट बसवताना क्रँकच्या पुलीवरची खूण इंजिनाच्या अंगावरच्या खुणेसमोर आणतात, कॅम पुलीची खूण हेडवरच्या खुणेसमोर. काही बेल्टवर छापील रेघाही असतात, त्या दोन्ही पुल्यांच्या खुणांवर येतील अशा बसवतात. सगळं छान दिसतं. मग खात्रीसाठी इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात, आणि बेल्टवरच्या रेघा भलतीकडेच गेलेल्या असतात. "अरे, सरकला!"

काहीही सरकलेलं नसतं. बेल्टला समजा १०१ दात आहेत. क्रँकच्या दोन फेऱ्यांत बेल्ट ४० दात पुढे जातो. रेघ पुन्हा पहिल्या जागी यायची तर ४० च्या पटीत सरकत सरकत १०१ ने पूर्ण भाग गेला पाहिजे, म्हणजे कॅमचे १०१ आणि क्रँकचे २०२ फेरे. चालू इंजिनात हे पंधरा सेकंदांत होतं, पान्याने फिरवत बसलात तर दुपार जाईल. बेल्टवरची रेघ फक्त बसवण्याच्या सोयीसाठी असते. एकदा बसवल्यावर तिच्याकडे बघायचं नाही.

तसंच वरच्या खुणेचं. क्रँकच्या एका फेऱ्यानंतर खालची खूण जुळते आणि वरची बरोबर उलट्या बाजूला असते. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, तो अर्ध्यातच पोचलेला असतो. आणखी एक फेरा द्या, येईल. या एका गैरसमजापायी धड बसवलेले बेल्ट उतरवलेले मी पाहिलेत.

मग बघायचं कशाकडे? दातांकडे. खालची खूण जागेवर आणा. मग बेल्टच्या ताणलेल्या बाजूने, म्हणजे जिथे टेन्शनर (बेल्टला ताण देणारा रोलर) नाही त्या बाजूने, खालच्या पुलीच्या खुणेपासून वरच्या पुलीच्या खुणेपर्यंत बेल्टचे दात मोजा. हा आकडा बेल्ट बसवला त्या दिवशी लिहून ठेवलेला असला की अर्धं निदान झालंच. बेल्ट कितीही वेळा फिरला तरी हा आकडा बदलत नाही. एकाने कमी किंवा जास्त आला तरच दात सुटला. आकडा तोच आहे आणि तरी टायमिंग चुकतंय, तर बेल्ट निर्दोष आहे. मग पुलीच शाफ्टवर हलली आहे.

खालच्या खुणेवर पण आंधळा विश्वास ठेवू नका. बाहेरची मोठी पुली, जिच्यावर अल्टरनेटरचा पट्टा चालतो, ती पुष्कळ गाड्यांत दोन तुकड्यांची असते. मधे रबर, बाहेर कडं. रबर जुनं झालं की कडं फिरतं आणि त्याच्यावरची खूण खोटं बोलायला लागते. खूण नेहमी आतल्या दातेरी पुलीची बघायची. पिस्टन खरोखर वर आलाय का, हे एक नंबरच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून आत लांब प्लास्टिकचा स्ट्रॉ सोडून बघायचं. इंजिन सावकाश फिरवताना स्ट्रॉ वर येतो, क्षणभर थबकतो, खाली जायला लागतो. ते थबकणं म्हणजे खरा टीडीसी, पिस्टनची सगळ्यात वरची जागा. काडी किंवा सळई आत घालू नका. मोडून आत पडली की दुसरी गोष्ट सुरू होते.

फिरवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी आणि पाना फक्त क्रँकच्या बोल्टला लावायचा, कॅमच्या नाही. आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवायचं. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिली तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात. पहिल्या पिढीच्या होंडा सिटीसारखी काही उलटी. आधी खात्री करा.

खरंच सरकला असेल तर

आकडा बदललेला निघाला. आता दात सुटायला वाव कुठून मिळाला ते शोधायचं. दात सहसा खालच्या पुलीवर सुटतो, कारण ती लहान असते, तिच्यावर बेल्टचे थोडेच दात बसलेले असतात आणि सगळा जोर तिथेच असतो.

पहिला संशयित बसवणारा हात. खालची पुली बेल्टला ओढते, त्यामुळे क्रँक आणि कॅम यांच्यामधली एक बाजू कायम ताणलेली असते आणि टेन्शनर दुसऱ्या, सैल बाजूला असतो. बेल्ट चढवताना सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला जमा करायची असते. घाईत एखाद्या दाताची ढिलाई ताणलेल्या बाजूला राहिली तर उभ्या इंजिनात मार्क जुळलेले दिसतात. पहिला फेरा दिला की क्रँक आधी ती ढिलाई खातो आणि कॅम मागे राहतो. बेल्ट सुटला कधीच नव्हता, बसलाच चुकीचा होता. "टाकताना बरोबर होतं हो, नंतर सरकलं" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. दोन फेरे हाताने फिरवून पुन्हा बघितलं असतं तर गाडी गॅरेजच्या बाहेरच गेली नसती.

दुसरा टेन्शनर. जुन्या साध्या इंजिनांत तो स्प्रिंगने बेल्टवर टेकतो आणि मग दोन बोल्टनी जागेवर आवळतात. यातला लांबट खाचेतला बोल्ट आधी आवळायचा असतो आणि ज्याच्याभोवती तो फिरतो तो नंतर. उलटं केलं तर आवळतानाच टेन्शनर बोल्टबरोबर फिरतो आणि स्प्रिंगने ठरवलेला ताण बिघडतो. स्प्रिंग जुनी, थकलेली असली तरी तेच. तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर असेल तर त्याच्या दांड्याभोवती तेल पाझरलंय का ते बघा. पाझरलं असेल तर त्यातला जोर गेला. आणि रोलर बोटाने हलवून बघा. तो फक्त फिरला पाहिजे, डुलता कामा नये.

ताण थंड इंजिनावरच लावायचा. ॲल्युमिनियमचं इंजिन तापलं की फुगतं, पुल्या एकमेकींपासून किंचित लांब जातात, बेल्ट आपोआप ताणला जातो. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून गरम इंजिनावर बेल्ट चढवला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तो सैल असतो, आणि थंड स्टार्टच्या पहिल्या झटक्याला दात सुटतो. जुने मिस्त्री लांब बाजूचा बेल्ट दोन बोटांत धरून पिळतात. पाव फेरा पिळला गेला की ठीक, जास्त पिळला तर ढिला. ढोबळ चाचणी म्हणून वाईट नाही, पण आपोआप ताण धरणाऱ्या टेन्शनरला तिचा उपयोग नाही. आता बेल्टवर टिचकी मारून त्याचा सूर मोजणारी उपकरणंही मिळतात. तंबोऱ्याची तार लावावी तसंच आहे ते, नुसत्या कानाऐवजी आकडा मिळतो.

तिसरा संशयित तेल. क्रँकच्या किंवा कॅमच्या तोंडाशी असलेला ऑइल सील गळत असेल तर तेल बेल्टवर उडतं, रबर फुगून मऊ पडतं आणि दात वाकतात नाहीतर सोलले जातात. नवा कोरा बेल्ट महिन्याभरात तुळतुळीत, चिकट झालेला दिसला तर दुसरा बेल्ट मागवू नका, आधी सील मागवा. पाण्याचंही तसंच. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो. पंपाचं बेअरिंग गेलं की त्याची पुली डुलते, बेल्ट एका कडेला सरकतो, ताण कमीजास्त होतो. कव्हरच्या आत काळी भुकटी आणि बेल्टची एकच कड कातरलेली दिसली, तर कुठलीतरी पुली वाकडी चालली आहे. काही इंजिनांत खालच्या पुलीच्या मागे-पुढे बेल्टला आवरणारी पातळ तबकडी असते. ती उलटी बसवली तर तिची धारच बेल्टची कड कापत बसते, आणि राहूनच गेली असेल तर बेल्ट बाहेर यायला मोकळा. ती गॅरेजच्या ट्रेमध्ये नटबोल्टांखाली सापडली, असं घडतं.

बेल्टच चुकीचा असणंही शक्य आहे. दातांमधलं अंतर ८ मिलिमीटर आणि ९.५२५ मिलिमीटर यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, पण चाळीस दातांच्या पुलीवर पुरेपूर कळतो. दाताचा आकारही गोलसर किंवा चौकोनी असतो. जुन्याचे दात मोजा, नव्याचे मोजा, दोन्ही एकावर एक धरून बघा.

आणखी एक कारण गाडीत नसतं, वापरात असतं. इंजिन उलटं फिरलं की बेल्टची सैल बाजू ताणली जाते, आणि ती आवरायला फक्त टेन्शनर असतो. चढावर पुढच्या गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडी मागे घसरली तर असं होतं. धक्का मारून गाडी चालू करण्यातही क्लच सोडल्याचा झटका बेल्टलाच सोसावा लागतो, म्हणून काही गाड्यांच्या पुस्तकात धक्का मारू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. आधीच ढिल्या बेल्टला एवढं निमित्त पुरतं. कॅम मागे पडण्याऐवजी पुढे गेलेला दिसला तर मी मालकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: गाडी उतारावर लावता का?

दात बरोबर, तरी टायमिंग चूक

आता भावाच्या गाडीकडे. कव्हर उघडलं. आत तेल नाही, भुकटी नाही, बेल्ट नवा करकरीत. खालची खूण जुळवली, वरची आपोआप जुळली. ताणलेल्या बाजूने दात मोजले, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी पडताळले. बरोबर. म्हणजे ज्या बेल्टला दोनदा गुन्हेगार ठरवून फेकलं, त्याने काही केलंच नव्हतं.

मग एक नंबरचा प्लग काढला आणि स्ट्रॉ सोडला. खूण जुळली तेव्हा पिस्टन वर थबकलेला असायला हवा होता. तो वर जाऊन परत खाली यायला लागला होता. थोडासाच, पण स्ट्रॉकडे बघणाऱ्याला स्पष्ट कळेल इतका. म्हणजे शाफ्ट पुढे गेलाय आणि त्याच्यावर बसलेली दातेरी पुली मागे राहिली आहे.

बेल्ट उतरवला, खालची पुली दोन्ही हातांनी धरून मागेपुढे केली. टक, टक. शाफ्टवर आवळलेल्या पुलीने कधीही टक म्हणता कामा नये.

ही पुली शाफ्टवर नेमक्या जागी बसावी म्हणून दोघांच्या खाचेत लोखंडाचा एक छोटा तुकडा असतो. आपल्याकडे त्याला की किंवा चावी म्हणतात. पुष्कळांना वाटतं की पुलीला फिरवते ती चावी. तिचं काम फक्त जागा दाखवण्याचं. पुलीला खरं धरून ठेवतो तो समोरचा मोठा बोल्ट. तो पुलीला शाफ्टवर इतकं दाबून ठेवतो की घर्षणानेच दोघं एक होतात. तो बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने, आवळला नाही, तर सगळा जोर चावीवर येतो. इंजिनाचा प्रत्येक ठोका तिला हातोड्यासारखा बसतो. आधी चावीची कड झिजते, मग खाच रुंद होते, आणि पुली डुलायला लागते.

भावाच्या गाडीत पहिला बेल्ट बदलताना हा बोल्ट एअर गनने अंदाजाने मारला होता, असं विचारल्यावर कळलं. दर वेळी बेल्ट बदलताना तोच बोल्ट पुन्हा आवळला जायचा आणि पुली पंधरा-वीस दिवस घट्ट राहायची. बेल्टमुळे नव्हे, त्या आवळण्यामुळे गाडी सुधारायची. मग बोल्ट पुन्हा ढिला, पुली पुन्हा मागे, स्कॅनरवर पुन्हा तोच कोड. स्कॅनर खोटं बोलत नव्हता. क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलाय एवढंच तो सांगतो, कोणामुळे ते नाही.

हाच प्रकार वर कॅमच्या पुलीतही होतो, तिथे चावीऐवजी बारीक पिन असते. आणि युरोपीय वळणाच्या काही इंजिनांत, उदाहरणार्थ रेनोच्या पहिल्या पेट्रोल डस्टरमध्ये होतं त्या १.६ लिटरच्या के४एम इंजिनात, खाली चावीवर भरवसा ठेवलेलाच नसतो. तिथे क्रँक आणि कॅम खास हत्यारांनी जागेवर अडकवून मगच बोल्ट आवळायचा असतो. व्हाइटनरच्या खुणा मारून बेल्ट बदलणाऱ्याने अशा इंजिनाला हात लावू नये. तो मनुष्य कितीही हुशार असला तरी.

नशिबाने आमच्या शाफ्टची खाच शाबूत होती, झिजली होती ती पुलीची. शाफ्टची खाच गेली असती तर क्रँक उतरवण्यापर्यंत मजल गेली असती. नवी दातेरी पुली, नवी चावी, नवा बोल्ट आणि टॉर्क रेंच. बोल्ट नवाच घेतला, कारण असे बरेच बोल्ट एकदा ताणून आवळले की लांबतात आणि दुसऱ्यांदा तितकं धरत नाहीत. समोरचा ऑइल सील हाताशी आलाच होता, तोही बदलून टाकला. बेल्ट मात्र दुसऱ्यांदा टाकलेला तोच परत चढवला. भाऊ जरा चपापला. पण तो धड होता, आणि त्याच्यावर आधीच पुष्कळ पैसे गेले होते. फक्त तो आधी ज्या दिशेने फिरायचा त्याच दिशेने चढवला. त्यासाठी उतरवण्याआधी त्याच्या पाठीवर बाण काढून ठेवला होता.

शेवटी बोल्टच्या डोक्यापासून पुलीच्या तोंडापर्यंत व्हाइटनरची एक सरळ रेघ ओढली. बोल्ट हलला तर रेघ तुटून दोन तुकडे वाकडे दिसतात, बाहेरच्या चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघता येतं. पाचशे किलोमीटर झाल्यावर भावाने तसा फोटो पाठवला, हजार झाल्यावर पुन्हा. आता तो हवा भरायला थांबला तरी वाकून बघतो. रेघ अजून सरळ आहे.